शिळं बोलणं

“तोंड बघितल्याबिगर ती घास गिळायची न्हाई,” तात्या म्हणाले. “आज रविवार हाय.”

सुवर्णाताई कंप्युटरसमोर खुर्चीत होती आणि मी तिच्या शेजारी स्टुलावर. तात्या आमचे थोरले चुलते. त्यांनी चपला काढल्या, आत आले आणि खोलीचं दार लावून घेतलं. मला तेवढ्यानंच धस्स झालं, कारण कंप्युटरच्या खोलीचं दार सताड उघडं ठेवायचं हा नियम त्यांनीच घातलेला होता.

“कोण गिळायची नाही?” ताईनं विचारलं.

“हौसा.” तात्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “धनाजी गेला. सकाळी गाडीवरनं चालला हुता, लॉरीनं उडवला. जाग्यावर गेला. मालकाचा फोन आला मला. उद्या दुपारपातूर आणत्यात.”

ताईनं तोंडावर हात दाबला. धनाजी म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या हौसाकाकीचा एकुलता एक मुलगा. तो तिकडे तामिळनाडूत सेलमला सोन्याच्या गलाईत कामाला होता. गेल्या यात्रेला त्यानं मला रिबिनी आणल्या होत्या.

आमचं गाव खानापूर तालुक्यातलं, गलाईवाल्यांचं. सोनं-चांदी वितळवायचं, शुद्ध करायचं, हा आमच्या लोकांचा धंदा, आणि तो करायला आख्खा देश पायाखाली घातलेला. आमचे वडील, अप्पा, केरळात होते. गावात बाप्ये दिसायचे ते दिवाळीला आणि भैरोबाच्या यात्रेला. एरवी गाव म्हणजे बाया, म्हातारे आणि आम्ही पोरंसोरं. परगावी पैसा केलेल्या गलाईवाल्यांनी देवळाला कळस दिला, सभामंडप दिला, आणि एका वर्षी काय मनात आलं कोण जाणे, देवळाशेजारच्या वाचनालयाला दोन कंप्युटर दिले.

कळसाचं सगळ्यांनी कौतुक केलं होतं. कंप्युटरांनी मात्र गावाची झोप उडवली. “पोरं नासतील” असं म्हणत पारावर बसलेले सगळे पहिले दोन आठवडे त्याच खोलीत डोकावत होते. शेवटी तात्यांनी नियम घातले. सकाळी मुलगे, दुपारी मुली. दार उघडं. खिडकीचा पडदा काढून टाकायचा. आणि दोन्ही कंप्युटरच्या पडद्यांची तोंडं रस्त्याकडे, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं की पोरी आत काय बघतात. आम्ही आत सातबाऱ्याचा नमुना टाईप करत असलो तरी बाहेरून एखादी म्हातारी थांबून नीट पाहायची आणि “काय बाई एकेक” असं म्हणून पुढं जायची.

सुवर्णाताई दहावीला होती. शाळेत एक मास्तर होते त्यांनी सुरुवातीचं थोडं दाखवलं, पुढचं ती आपलं आपण शिकली. तिची बोटं त्या बटणांवर अशी चालायची की मी नुसती बघत राहायचे. दहावीनंतर विट्याला जाऊन कंप्युटरचा डिप्लोमा करायचा, एवढं एकच तिच्या मनात होतं. पण अप्पा लांब, आणि घरातला शब्द तात्यांचा. तात्यांचं उत्तर ठरलेलं होतं, “बघू की.” आमच्याकडं ‘बघू की’ म्हणजे नाहीच.

कंप्युटरवर बाहेरगावच्या माणसांचं तोंड बघता येतं हे ताईनं दाखवलं, तेव्हा गावाचा विरोध एका रविवारात विरघळला. दुपार झाली की बाया डोक्यावरून पदर घेऊन ओळीनं बसायच्या. तिकडून नवरे, मुलं एखाद्या नेट कॅफेत येऊन बसायचे. बाया पडद्याला हात लावून बघायच्या, लाजायच्या, भांडायच्या. लाईन सारखी तुटायची. म्हणून ताईनं ते बोलणं साठवून ठेवायची युक्ती काढली. त्यात पलीकडच्या माणसाचं चित्र आणि आवाज तेवढा यायचा, आपलं बोलणं उमटायचं नाही, तिथं नुसती शांतता. आठवड्यात कधी आठवण आली की बाया यायच्या आणि म्हणायच्या, “सुवर्णे, शिळं लाव की गं.” रविवारचं ताजं, मधल्या वारचं शिळं. हे नाव बायांनीच पाडलं होतं. नवरा शिळा बघायचा आणि भाकरी ताजी खायची, अशी थट्टाही चालायची.

हौसाकाकी मात्र शिळं कधी बघायची नाही. “ताजं असंल तर बोलाव,” म्हणायची. रविवारी धनाजीचं तोंड दिसेपर्यंत ती जेवत नसे. व्रत म्हणा, खूळ म्हणा.

तर त्या दुपारी तात्या आमच्यासमोर बसले होते.

“मी सांगते लाईन गेली म्हणून,” ताई म्हणाली.

“लाईन गेली म्हटल्यावर ती उपाशी बसंल. उद्या त्या घरात चूल पेटायची न्हाई. परवा बी न्हाई. आज चार घास तिच्या पोटात गेलं पाहिजेत, सुवर्णा. बाया भाकऱ्या थापून बसल्यात.”

आमच्याकडं रीतच आहे ही. माणूस गेलं की घरच्यांना लगेच सांगत नाहीत. ‘जरा जास्त आहे’ म्हणतात. आधी जेवायला घालतात, म्हाताऱ्याकोताऱ्यांना पाणी पाजतात, आणि मयत वेशीत आलं की मग सांगतात. यात कपट नसतं. ज्याच्यावर डोंगर कोसळणार आहे त्याला आणखी थोडा वेळ सावलीत बसू द्यायचं, एवढाच हेतू.

“मग?” ताईनं विचारलं.

“मागल्या रविवारचं शिळं हाय न्हवं त्याचं?”

ताईनं खुर्ची त्यांच्याकडं वळवली.

“ते लाव. तिला काय कळतंय ताजं आन् शिळं? दरवेळी तेच इचारती. जेवलास का, पांघरूण हाय का, मालक बरा हाय का. त्यो बी तेच सांगतो.”

“तात्या, हे नको. हे बरं नाही.”

“उपाशी मारायचं बरं हाय व्हय?” तात्या उठले. दारापाशी जाऊन वळले. “एवढं कर माझ्या लेकी. विट्याचं मी बघतो. तुझ्या बापाला मी सांगतो, पोरगी शहाणी हाय, धाड म्हणून.”

त्या वचनासाठी ताईनं ते केलं असं कुणालाही वाटेल. मी तिथं होते. तात्या गेल्यावर ती मला म्हणाली, “तेजू, काकीनं सकाळपासून काही खाल्लं नसेल गं.” आणि मग तिनं कंप्युटर चालू केला.

हौसाकाकी आली ती नेहमीसारखी धुतलेलं पातळ नेसून, हातपाय धुऊन. देवळात जावं तशी यायची ती. दारातच तिनं मला विचारलं, “खरवस खाल्लास का गं?” तिची म्हैस मंगळवारी व्याली होती आणि आख्ख्या आळीत तिनं पातेल्यांनी खरवस वाटला होता.

“दोनदा खाल्ला,” मी म्हणाले.

“आन् हिनं?”

“ताईला चिकाचा वास येतो.”

“शिकलेल्यांना वास लई येतो,” काकी हसली आणि खुर्चीत बसली. “लाव बाई. पोटात कावळं वरडाय लागल्यात.”

ताई तिच्या मागं उभी राहिली आणि खुर्चीच्या पाठीवरून हात पुढं घालून तिनं बटण दाबलं. पडद्यावर धनाजी आला. चौकटीचा शर्ट, नुकतीच केलेली दाढी, मागं कॅफेची निळी भिंत.

“आई, दिसतंय का?”

“दिसतंय रं बाबा, दिसतंय. जेवलास का?”

थोडी शांतता. “जेवलो की. आज भात-सांबार.”

“रोज भातच. अंगाला लागायचं न्हाई त्ये. पांघरूण हाय का?”

“हाय गं. इथं कुठली थंडी!”

सगळं बरोबर जुळत होतं. कुठं काकीचा प्रश्न आधी संपायचा, कुठं त्याचं उत्तर जरा लवकर यायचं, पण लाईनीवर तसं नेहमीच व्हायचं. मला वाटत होतं, कुणीतरी यावं आणि हे थांबवावं. दार उघडं होतं. बाहेर पारावर तात्या आणि चार म्हातारे खाली माना घालून बसले होते. त्या दिवशी आत डोकावायला कुणी आलं नाही.

मग पडद्यावरचा धनाजी हसत म्हणाला, “म्हैस व्याली का गं आई?”

काकी गप्प झाली. तिनं पदराचं टोक हातात घेतलं आणि ते बोटाला गुंडाळू लागली. इतकी गप्प झाली की मला धनाजीच्या मागचा पंखा ऐकू यायला लागला.

“न्हाई रं,” ती म्हणाली. “अजून न्हाई.”

लेकाला बघताना तिचं भान हरपलं असेल, असं मला वाटलं. ताईच्या तर ते ध्यानातही आलं नाही. ती भिंतीकडं तोंड करून उभी होती.

“व्याली की कळव,” धनाजी म्हणाला. “आणि आई, जप.”

“तू जप,” काकी म्हणाली. पडदा काळा झाला तरी ती उठली नाही. मग हळूच खुर्चीला धरून उभी राहिली. ताईच्या गालावरून तिनं हात फिरवला, “जाते गं,” म्हणाली, आणि गेली. घरी बायांनी ताट वाढलं होतं. तिनं दोन भाकरी खाल्ल्या. आई आम्हाला येऊन सांगत होती, “जेवली बाई एकदाची,” आणि डोळे पुसत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी वेशीत आली. तोवर काकीला सांगितलं होतं. धनाजीला अंगणात ठेवला. सगळं गाव गोळा झालेलं. काकी त्याच्या उशाशी बसली. रडली नाही. बाया म्हणत होत्या, रड गं हौसा, मोकळी हो. आणि मग तिनं मान वर केली आणि मोठ्यांदा म्हणाली, “काल बोलला की माझ्यासंगं! काल म्हस व्याली का इचारलं त्यानं!”

काल म्हणजे रविवार दुपार. रविवारी दुपारी धनाजी कुठं होता ते आता सगळ्यांना माहीत होतं. एकेक मान वळली आणि आमच्या ताईवर येऊन थांबली.

मी तात्यांकडं बघत होते. आता बोलतील, मग बोलतील. तात्यांनी उपरण्यानं घाम पुसला आणि कुणालातरी विचारलं, “लाकडं आली का?”

बस्स. पुढचं तुम्हीही सांगू शकाल. चार दिवसांत पाणवठ्यावर, गिरणीत, सगळीकडं एकच. मेलेल्या लेकाचं शिळं आईला ताजं म्हणून वाढलं पोरीनं. हात कसा चालला गं तिचा? त्या कंप्युटरच्या डब्यापुढं बसून बसून काळीज दगड झालं. म्हणून म्हणत होतो, पोरींना ते नको. ज्या बाया ताईपुढं ओळीनं बसायच्या त्यांनीच रविवारी यायचं सोडलं.

आई तात्यांकडं गेली. मीही तिच्या मागं. “भावजी, तुम्हीच सांगितलंत नव्हं पोरीला?”

“मी म्हणालो, तिला जेवू घाला,” तात्या म्हणाले. “असलं नाटक कर म्हणालो व्हय? पोरीचं डोकं कुठवर चालंल, मला काय ठावं!”

त्यांचा तो चेहरा मला अजून आठवतो. लाजेनं माणूस असा चिडतो हे मला तेव्हा कळत नव्हतं. आता कळतं, पण राग काही जात नाही.

खोलीला कुलूप लागलं. विट्याचं नाव पुन्हा निघालं नाही. ताईला कुणी मारलं नाही की रागं भरलं नाही. तिच्याशी कुणी त्याबद्दल बोललंच नाही. ती दहावी पास झाली, वर्षभर घरात बसली, आणि केरळातलं एक गलाईचं स्थळ आलं तेव्हा ‘बघू की’ न म्हणता तात्यांनी होय म्हटलं. लग्नाच्या आधी मी एकदा तिला म्हणाले, “तू सांग ना सगळ्यांना, तात्यांनी करायला लावलं म्हणून.” ती म्हणाली, “बटण कुणी दाबलं, तेजू?”

त्यानंतर तिनं कंप्युटरला हात लावला नाही. तिच्या नवऱ्याच्या दुकानात आता कंप्युटर आहे, हिशोब नोकर करतो. मुलं तिला हसतात, आमच्या आईला काही येत नाही म्हणून. मी फोन केला की ती बोलते, पण चेहरा दिसणारा फोन उचलत नाही. “नुसतं बोल,” म्हणते. “तोंड काय बघायचं?”

मी सांगलीला असते. परवा यात्रेला गावी गेले होते. गाव बदललंय. पारावर सगळ्या म्हाताऱ्यांच्या हातात मोबाईल. तात्या आता ऐंशीच्या पुढं गेलेत. कानात वायरी घालून कुस्त्या बघतात आणि नातवाला हाका मारतात, “नेट संपलं रं, बघ जरा.” मी पाया पडले आणि पुढं निघाले.

हौसाकाकीकडं गेले तर तिनं वाटीतून खरवस पुढं केला. शेजाऱ्यांची म्हैस व्याली होती.

“तुला आवडतो, ध्यानात हाय माझ्या,” ती म्हणाली. “सुवर्णीला वास यायचा. बरी हाय का ती?”

मी वाटी खाली ठेवली. इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते तोंडातून निघूनच गेलं. “काकी, त्या रविवारी तुझी म्हैस व्यालेली होती. धनूदादाला तू नाही का म्हणालीस?”

काकी माझ्याकडं बघत राहिली. म्हातारपणानं डोळे पांढुरके झाले होते, पण ती मला पुरती बघत होती.

“बुधवारी दुकानातनं फोन केला हुता त्याला,” ती म्हणाली. “म्हशीला रेडी झाली म्हनून सांगितलं. सोनी नाव ठेव म्हनला. आन् रविवारी इचारतोय, म्हस व्याली का. तवाच कळलं मला. शिळं लावलंय म्हंजी ताजं ऱ्हायलं न्हाई.”

“मग उठली का नाहीस?”

“उठून कुठं जाऊ? उठले असते तर त्यो तिथंच मेला असता.” तिनं पदर बोटाला गुंडाळला. “बोलतोय तवर बोलूद्या म्हनलं. त्यो इचारतोय तर जबाब नको द्यायला? मागं सुवर्णी रडत हुती, नाक वढलेलं ऐकू येत हुतं मला. तिला म्हनावं तरी काय? बाया भाकऱ्या करून वाट बघत हुत्या. जेवले. त्येंचं मन राखलं.”

“आणि दुसऱ्या दिवशी? तू सगळ्यांपुढं म्हणालीस, काल बोलला म्हणून.”

“तात्याला म्हनले मी!” काकीचा आवाज चढला. “तात्याकडं बघून म्हनले. पारावर खाली मान घालून बसला हुता, तवाच वळखलं हुतं मी, ह्ये त्याचंच काम. बाप्या माणसा, पोरीच्या आड लपतुयास, आता तरी बोल. त्यो लाकडं इचारत बसला.”

“गावानं ताईला धरलं, काकी.”

“कशापायी?”

मी सांगितलं. पाणवठा, गिरणी, कुलूप, विटा, सगळं. सांगताना मला कळत गेलं की हे तिला ठाऊकच नाही. दुखवट्यात ती वर्षभर उंबऱ्याबाहेर पडली नव्हती, आणि आळीनं ठरवलं होतं, हौसाला आधीच कमी दुःख नाही, तिच्या कानावर हे घालायचं नाही. आमच्या आईनंसुद्धा घातलं नव्हतं.

“मला वाटलं, पोरीचं लगीन ठरलं म्हनून गेली,” काकी म्हणाली. बराच वेळ ती जमीन चाचपत राहिली. “सगळ्यांनी मलाच जपलं व्हय गं? आन् ती पोर तशीच गेली?” मग ती रडली. धनाजीच्या उशाशी रडली नव्हती ती आता रडली.

पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, “लाव तिला. तोंड दिसंल असं लाव.”

“ती उचलत नाही, काकी.”

“लाव.”

मी लावला. ताईनं तोडला. पुन्हा लावला, पुन्हा तोडला. मग मी तिला लिहून पाठवलं: ‘हौसाकाकी बसली आहे. तिला पहिल्यापासून माहीत होतं.’ काकीच्या म्हणण्यातलं आणखी जमेल तेवढं लिहिलं. काही उत्तर आलं नाही. खरवस गार झाला. मी उठणार, एवढ्यात फोन वाजला.

काकीनं डोक्यावरून पदर घेतला आणि फोन दोन्ही हातांनी लांब धरला. पडद्यावर ताई होती, तिच्या स्वयंपाकघरात. बोलत नव्हती, हलत नव्हती, डोळ्यांतून नुसतं पाणी.

“तेजू,” काकी घाबरून म्हणाली, “ही हालत न्हाई गं. ह्ये ताजं हाय न्हवं? शिळं न्हाई न्हवं?”

“ताजं हाय, काकी,” फोनमधून ताईचा आवाज आला.

काकीनं श्वास सोडला. पडद्यावर अंगठा फिरवला, ताईच्या गालावर.

“जेवलीस का?” तिनं विचारलं.

“न्हाई अजून.”

“मग ताट घेऊन ये जा. तू जेवंस्तवर मी हितंच हाय.”